आडव्या रेघा

फॅरंटबाई डेव्हनहून आल्या, चार दिवस घोडागाडीत,
आणि फ्लॅनेलच्या तुकड्यातून काढून
आमच्या टेबलावर त्यांनी ठेवला
खापरपणजोबांचा धाकटा भाऊ,
अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मावेल एवढा.

वडिलांनी तो खोबणीतून नखाने उचकटला.
वासराच्या कातड्याचा पापुद्रा,
पत्त्याच्या पानावर डकवलेला.
उलटून पाहिलं तर बदामाची तिर्री.
"तेव्हा असंच करायचे," वडील म्हणाले.
दीडशे वर्षं हा माणूस
कुणाच्या तरी मोडलेल्या डावाला पाठ लावून बसला होता.

पुढून जेमतेम बावीसचा पोरगा.
मिसरूड फुटलं न फुटलं.
तोंड किंचित उघडं,
हाक ऐकून वळल्यासारखं.
मागे निळं, इतकं निळं
की काळ्या शाईत जन्म गेलेल्या आम्हा दोघांना
काही सुचेना.
आणि डोळे त्याहून निळे.

प्रकाशकाची चिठ्ठी खिळ्याला टांगलेली:
आरमारातले शूर, चित्र सतरावे, कप्तान जोसेलिन फॅरंट.
चिलखत घालावे. दाढी असावी.
मागे जळते जहाज, शक्यतो शत्रूचे.
तोंड बंद करावे.

वडील चिलखताला बसले. ते त्यांना अजून जमायचं.
सोळा शूरांना एकच चिलखत पुरलं होतं,
सतराव्याला का नाही?

चेहरा माझ्याकडे आला.
हात कापायला लागल्यापासून
चेहरे माझ्याकडेच येत,
फक्त गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही.

तांब्यावर उलटं कोरावं, तर कागदावर सुलटं उमटतं.
म्हणून आरसा लावला
आणि आठ दिवस त्याला आरशातच पाहिलं,
तो स्वतःला पाहत असेल तसं, दाढी करताना
(दाढी करण्याएवढा झाला असेल तर).
कोरणीपुढून तांब्याच्या कुरळ्या बटा निघत,
मी फुंकर मारी.
गालाची लाली, ओठांची ओल,
तांब्याला कशाचं सोयरसुतक नाही.
त्याला खोल कळतं आणि उथळ कळतं.

दाढी लावली. तोंड बंद केलं. पैसे ज्याचे, तोंड त्याचं.

पण घराण्यांच्या ढाली कोरणाऱ्यांचा एक जुना संकेत आहे:
टिंबं म्हणजे सोनं,
उभ्या रेघा तांबडं,
आडव्या रेघा निळं.
बुबुळांत मी आडव्या रेघा घातल्या.
नऊ इकडे, नऊ तिकडे, भिंगाखाली, श्वास धरून.
बुबुळाला गोल रेघा घालतात,
हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.
पण आडवी रेघ आरशात उलटली
तरी आडवीच राहते.

वडिलांनी पहिला ठसा खिडकीशी धरला.
बराच वेळ धरला.
"चुकलंय हे, टॅमझिन."
मग थरथरत्या हाताने तळाशी त्यांनीच कोरलं:
अँब्रोज टटल याने कोरले, जुन्या लघुचित्रावरून.

'वरून'.
तीन अक्षरं.
मी तिथे आहे.

फॅरंटबाई चित्र न्यायला आल्या तेव्हा ठसा दाखवला.
"हे कोण?"
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"दाढीवालं आमच्यात कुणी नव्हतं.
आणि लढाई कसली, धुकं होतं.
तेविसावं लागलं होतं त्याला. खडकावर गेलं जहाज."
फ्लॅनेलची घडी घातली,
निळं आत गेलं,
संध्याकाळची गाडी गाठायची होती.

परवा बिलिंग्जगेटच्या खानावळीत तो भिंतीवर दिसला,
चिलखतात, रश्श्याचे शिंतोडे उडालेला,
मागे जहाज जळतंय.
खाली हमाल, कोळी,
एक-दोघे घोडागाड्यांच्या दारांवर ढाली रंगवणारे,
बोटांना अजून रंग.
मी कालवण निवेपर्यंत बसून राहिले.
यातला एखादा कधी तरी
सहज मान वर करेल,
आणि घास हातात तसाच धरून
शेजाऱ्याला म्हणेल,
अरे, याचे डोळे निळे आहेत की.